पंपघरापाशी टायर तपासला

सगळा घोळ एका टिचभर चौकोनापायी झाला. सायकल फेरीच्या फॉर्मच्या तळाशी तो होता. 'सोबत आणखी कोणी येणार आहे का?' मिनिटसाहेबांनी तिथं बरोबरची खूण केली आणि पुढं बायकोचं नाव घातलं. तिला विचारलं नाही. कशाला विचारायचं? तिला कुठं सायकल चालवायची होती! ती रिझर्व्ह होती.

मिनिटसाहेब बस डेपोत वेळापत्रकं करायचे. कुठली गाडी किती वाजता सुटायची, कुठल्या थांब्यावर किती मिनिटं थांबायची, हे ते सव्वीस वर्षं खुर्चीत बसून ठरवत आले होते. मिनिटसाहेब हे नाव ड्रायव्हर लोकांनी पाडलेलं. ते कौतुकानं पाडलंय असं साहेबांना वाटायचं. (वाटू दे. माणसाला काहीतरी सुख पाहिजे.) आणि डेपोचा नियम असा, की महत्त्वाच्या प्रत्येक फेरीमागं एक रिझर्व्ह गाडी तयार ठेवायची. मूळ गाडी बंद पडली तर रिझर्व्हनं पुढं व्हायचं, नाहीतर गप उभं राहायचं. साहेब आयुष्यातली पहिली सायकल फेरी करणार होते. मग रिझर्व्ह नको?

आता साहेबांच्या डोक्यात हे सायकलचं खूळ आलं कुठून, ते सांगायला पाहिजे.

एका सोमवारी सात नंबर मार्गाची कंडक्टरबाई अर्ज घेऊन त्यांच्या खिडकीपाशी आली. मागं चहाचे कप घेऊन दहा-बारा ड्रायव्हर उभे होते.

"साहेब, दहा मिनिटं द्या."

"कसली?"

"पंपघरापाशी थांबायला. फेरीच्या मधे."

"कशाला?"

"कशाला ते काय फळ्यावर लिहून देऊ?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी चष्मा नाकावर चढवला. "बाई, घरून निघताना आटपून निघायचं. शरीराला वळण लावावं लागतं. मी बघा, सकाळी खुर्चीत बसलो की बसलो."

"तुमच्या खुर्चीपासून संडास किती लांब आहे साहेब?"

"अकरा पावलं," साहेब पटकन बोलून गेले. (हिशोबी माणूस. आकडा विचारला की तोंडातून निघालाच.)

"माझी फेरी सव्वापाच तासांची आहे. मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. गेल्या साली दोनदा सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, पाणी प्या. मी म्हटलं, आमच्या साहेबांना विचारते."

साहेबांनी सात नंबरचं रजिस्टर उघडलं. "आधीच तुमच्या मार्गाला रोज सात मिनिटं उशीर होतोय. आणि कशानं? टायर! हे बघा, 'पंपघरापाशी टायर तपासला', 'पंपघरापाशी टायर तपासला'. रोज त्याच जागी हवा कमी होते. मी वर्कशॉपला चौदा पत्रं लिहिली. दोनदा टायर बदलायला लावले. तरी तेच! त्यात आणखी दहा मिनिटं कुठून आणू?"

सगळे ड्रायव्हर आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

मग भोंगा बोलला. भोंगा म्हणजे बाईंच्या गाडीचा ड्रायव्हर. हॉर्न वाजवल्याशिवाय तो घरच्या दारातसुद्धा वळत नसे. "साहेब, पुढच्या महिन्यात आमच्याच कालव्याच्या रस्त्यावरनं ती मोठी सायकल फेरी आहे. पलीकडच्या शहरातनं इथपर्यंत. चौऱ्याहत्तर किलोमीटर. दोन हजार माणसं येतात. तुम्ही या की. पाच तास, मधे त्या कामाला न उतरता."

"बारा वाजता शेवटचं गेट बंद होतं," कंडक्टरबाई म्हणाली. "त्याच्या आत, न उतरता पोचलात, तर हा अर्ज मी तुमच्यासमोर फाडते. परत तोंडातून शब्द काढणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दहा मिनिटं."

इथं शहाण्या माणसानं हसून विषय बदलला असता. पण बारा माणसं बघत होती, आणि साहेबांना आपल्या हिशोबावर आपल्या आईपेक्षा जास्त विश्वास होता. "आलोच समजा," ते म्हणाले.

बाराच्या ठोक्याला फॉर्म खुले होणार होते. साहेब पावणेबारापासून कम्प्युटरसमोर हात धुऊन बसले. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: फेरीला किती वेळ लागेल असं वाटतं? बाकीच्यांनी तिथं पाच तास, साडेपाच तास असं काहीतरी ठोकून दिलं असणार. साहेबांनी लिहिलं, चार तास सहा मिनिटं चाळीस सेकंद. चौऱ्याहत्तर भागिले अठरा. वाऱ्याचा, चढाचा, वयाचा, पोटाचा काही संबंध नाही. सव्वीस वर्षं बसगाड्यांना त्यांनी हेच केलं होतं.

मग तो चौकोन आला. आणि खूण झाली.

घरी बायको इस्त्री करत होती. तिचा धंदाच तो. चार इमारतींमधून कपडे गोळा करायचे, इस्त्री करायची, गाठोडं सायकलच्या कॅरिअरला बांधून घरोघर पोचवायचं. दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर, त्यात पुलाचा चढ दोनदा. पण ती सायकल चालवते, असं साहेबांच्या मनात कधी आलंच नव्हतं. ती कपडे पोचवते, एवढंच त्यांना माहीत.

"अगं, तुझं नाव घातलंय."

"कशात?"

"सायकल फेरीत. घाबरू नकोस. तू रिझर्व्ह. माझ्या मागं राहायचं. पुढं अजिबात जायचं नाही. माझी गाडी बंद पडली तरच तू पुढं व्हायचं."

तिनं शर्टाची कॉलर दाबली. वाफेचा फुस्सकन आवाज झाला. "म्हणजे लग्न झाल्यापासून करतेय तेच ना? मग एवढा फॉर्म कशाला भरला?"

त्यानंतर महिनाभर घरात माणसं कमी आणि तक्ते जास्त झाले. कपाटाच्या दारावर मुख्य तक्ता. त्यात उठण्याची वेळ, दात घासण्याची वेळ, बूट घालण्याची वेळ, डाव्या बुटाची वेगळी. त्याखाली मार्ग. साठाव्या किलोमीटरपर्यंत दर बारा किलोमीटरला पाणी प्यायचं, कारण आयोजकांच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं, भरपूर पाणी प्या. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो कोरा, कारण शेरा मारण्यासारखं काही घडणारच नव्हतं.

बायकोनं हातात इस्त्री धरूनच तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. ती चौथीपर्यंत शिकलेली. पण चौथीत जेवढं शिकवलं तेवढं तिच्या पक्कं लक्षात होतं.

"अहो, पाणी पाच ठिकाणी आहे."

"हो. दर वेळी अर्धा लिटर."

"म्हणजे पाच थांब्यांवर चढवताय. उतरवणार कुठं?"

"अगं, घाम!"

"अडीच लिटर घाम?" ती परत इस्त्रीकडे वळली. "मग अंगाखाली बादली बांधा."

साहेबांनी तिकडं दुर्लक्ष केलं. त्यांना त्याहून मोठं काम आलं होतं. फेरीच्या दिवशी मुख्य रस्ते बंद राहणार होते. सगळ्या गाड्या वळवून कालव्याच्या रस्त्यानं सोडायच्या, अर्धा रस्ता सायकलींना, अर्धा बसना. त्याचं वेळापत्रक करायचं काम त्यांच्याकडेच आलं. साहेबांनी जीव ओतून केलं. पाच मार्गांच्या गाड्या, दर चार मिनिटांनी एक, सकाळी सातपासून दुपारपर्यंत. असा सुंदर कागद आपल्या हातून कधी झाला नाही, असं त्यांनी स्वतःच स्वतःला सांगितलं. तो कागद उद्या आपल्याच मुळावर येणार आहे हे कागदावर कुठं लिहिलेलं असतं?

फेरी पलीकडच्या शहरातून सुटणार, म्हणजे आधी सायकली तिकडं पोचवायला पाहिजेत. आयोजकांचा ट्रक आदल्या दिवशी चार वाजता सायकली नेणार होता, आणि माणसांना पहाटे खास बस. दोन्हीची नोंदणी वेगवेगळी करायची. साहेबांनी माणसांच्या जागा दोन घेतल्या आणि सायकलीची एक. का? तर रिझर्व्हची गाडी डेपोतच उभी असते. ही त्यांची सवय. बोट आपोआप तिकडं गेलं.

ट्रकवाल्यानं यादी बघितली. "एकच सायकल आहे या नावावर."

साहेब मेव्हण्याची मागून आणलेली सायकल घेऊन उभे होते. बारीक चाकांची, चकचकीत, आणि बसायची सीट चाकूच्या पात्याएवढी. मागं बायको, तिची काळी, लोखंडी कॅरिअरवाली सायकल धरून. तिनं नवऱ्याकडे बघितलं. साहेबांनी यादीकडे बघितलं.

"अहो, मी तिथं काय पळत येणार होते का तुमच्या मागून?"

"एवढी जड सायकल आता नाही मावायची बाई," ट्रकवाला म्हणाला.

"बाजूला व्हा." तिनं सायकल उचलली, ट्रकच्या मागच्या फळीला टेकवली आणि गाठोड्याच्या दोरीनं अशी आवळून बांधली, की दुसऱ्या दिवशी ती सोडवायला तीन माणसं लागली आणि शेवटी तिलाच बोलावलं.

पहाटेपर्यंत तक्त्याप्रमाणे सगळं झालं. डावा बूटसुद्धा. साहेबांनी चार तास सहा मिनिटं लिहिल्यामुळं आयोजकांनी त्यांना दुसऱ्याच तुकडीत घातलं होतं. सुटायची वेळ सहा चाळीस. आजूबाजूला अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घातलेले तरणेबांड गडी. पायांवर केस नाहीत, पोटावर मांस नाही. त्यांच्यात साहेब, छातीवर नंबर आणि नंबराच्या वर पेन लावलेलं. मागं बायको रोजच्या कपड्यांत, पायात कॅनव्हासचे बूट. तिच्या हँडलला साहेबांनी तक्त्याची प्रत बांधली होती. रिझर्व्हला वेळा माहीत पाहिजेत म्हणून.

शिटी वाजली. तरणे गडी भर्रकन गेले. साहेब एक पाय जमिनीवर ठेवून पॅडल शोधत राहिले. मागून तिसरी तुकडी आली, तीही गेली.

"दोन मिनिटं उशीर," मागून बायकोचा आवाज आला. ती तक्ता वाचत होती.

बारा किलोमीटरला पाणी. अर्धा लिटर. "नऊ मिनिटं उशीर." चोवीसला पाणी. अर्धा लिटर. "एकवीस मिनिटं उशीर." तिची घंटी टिणटिण वाजायची. साहेब दमून हळू झाले की तीही हळू. ते थांबले की तीही पाय टेकून थांबायची. एकदा ते म्हणाले, "तू जरा पुढं हो ना, वारा लागतोय मला." ती म्हणाली, "नियम आहे. रिझर्व्हनं पुढं जायचं नाही."

तिसाव्या किलोमीटरला साहेबांना पहिली जाणीव झाली. हलकीशी. कोणीतरी दारावर टकटक करावं तशी. शरीराला वळण लावावं लागतं, असं त्यांनी मनात म्हटलं. शरीरानं ऐकलं नाही. ते डेपोत नोकरीला नव्हतं.

सदतिसाव्या किलोमीटरला, बरोबर निम्म्या वाटेत, आयोजकांनी निळे संडास उभे केले होते. रांगेत पंधराएक माणसं. साहेबांचं हँडल आपोआप तिकडं वळायला लागलं आणि तेवढ्यात पलीकडून प्वांऽऽ! बारा नंबरची बस. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर. "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

साहेबांनी हँडल सरळ केलं आणि मान ताठ ठेवून पुढं गेले.

"मी जाऊन येते," बायको म्हणाली. रिझर्व्हला पैजेचं बंधन नव्हतं. ती गेली, रांगेत उभी राहिली, आली आणि तीन किलोमीटरात नवऱ्याला गाठलं. "काय हलकं वाटतंय हो," ती मागून म्हणाली. "पुढं पाणी आहे. अर्धा लिटर. तक्त्यात आहे, प्यायला पाहिजे."

पन्नासाव्या किलोमीटरला जगात दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक साहेब आणि दुसरी ती चाकूच्या पात्याएवढी सीट. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट विचारायचा, 'अजून किती वेळ?' साहेबांनी पैजेला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि कालव्याच्या कडेला एक जाड बुंध्याचं झाड हेरलं. कोण बघतंय? सायकल हळू केली. पाय टेकणार, तेवढ्यात समोरून बस. खिडक्यांतून चाळीस माणसं हात हलवतायत. साहेबांनी घाईघाईनं टायर दाबून बघितल्यासारखं केलं आणि निघाले.

पुढचं झाड. बस.

त्याच्या पुढचं झुडूप. बस. या वेळी शाळेची सहल. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दर चार मिनिटांनी एक. एक मिनिट मागं नाही, एक मिनिट पुढं नाही. सव्वीस वर्षांत डेपोच्या गाड्या इतक्या वेळेवर कधी धावल्या नव्हत्या. साहेब रोज ज्याच्यासाठी तळमळत होते ते आज त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि त्यांना फक्त रडू येत होतं.

"पंचावन्न मिनिटं उशीर," बायको म्हणाली. मग तिनं नवऱ्याच्या मानेकडे बघितलं. मान लालभडक झाली होती. "अहो, उतरा की. काय फरक पडतो?"

"फरक पडतो," साहेब दातावर दात दाबून म्हणाले. "आत्ता उतरलो, तर गेली सव्वीस वर्षं मी जे करतोय ते... ते..."

पुढचं तिला न बोलता कळलं. तिनं घंटी वाजवायची थांबवली.

अकरा वीस. सहासष्टावा किलोमीटर. वळणावर जुनं पंपघर दिसलं आणि त्याच्यासमोर चार बसगाड्या ओळीनं उभ्या, सगळ्यात मागं सात नंबरची. भोंगा खाली उतरून मागच्या चाकाला लाथा मारत होता.

टायर!

साहेबांचं सगळं दुखणं क्षणभर थांबलं. चौदा पत्रं, दोनदा बदललेले टायर, आणि आज तो चोर समोर, त्यांच्या डोळ्यांदेखत. ते सायकलवरून उतरले (उतरले कसले, सायकल खालून काढून घेतल्यासारखे उभे राहिले), गुडघे जुळवून चालत गेले आणि टायरवर हात ठेवला. दगडासारखा टणक.

"यात तर हवा गच्च आहे!"

"साहेब," भोंगा हळूच म्हणाला, "तुम्ही उतरलात."

"टायर तपासायला!"

"आम्हीपण त्यासाठीच उतरतो, साहेब."

साहेबांनी वर बघितलं. रस्त्याच्या कडेला एक बैठं घर होतं. दार उघडं. दारापासून अंगणापर्यंत रांग. चार कंडक्टरबाया, खांद्याला तिकिटाच्या पिशव्या. रांगेत शेवटी सात नंबरची बाई. ती साहेबांकडे बघत होती. हसत नव्हती.

आणि मग मिनिटसाहेबांना समजलं. टायर. पंपघर. रोजची सात मिनिटं. सगळ्या ड्रायव्हरांचे बूट. हे घर कधीपासून होतं कोण जाणे. त्यांच्या वेळापत्रकात नव्हतं म्हणून ते जगातच नाही, असं त्यांना वाटत आलं होतं.

मग दुखणं परत आलं, दुप्पट. साहेब दाराकडे निघाले.

"लाईनीत या साहेब," कंडक्टरबाई म्हणाली.

"बाई, मला..."

"आम्हालापण. एरवी मी एकटी असते. पण आज तुम्ही पाची मार्गांच्या गाड्या इकडं वळवल्यात. दर चार मिनिटाला एक बाई येतेय."

साहेब लाईनीत उभे राहिले. मागून बायको सायकल हातात धरून आली. "अहो, आता ब्रेकडाऊन धरू का?"

"धर," साहेब क्षीण आवाजात म्हणाले. "तू हो पुढं."

तिनं कॅरिअरची दोरी आवळली, पॅडलवर उभी राहिली आणि निघाली. आणि साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा तिला सायकल चालवताना मागून बघितलं. वळण घेईपर्यंत तिनं तीन तरण्या गड्यांना मागं टाकलं होतं.

आतून घराची मालकीण बाहेर आली. निवृत्त नर्सबाई. हातात पाण्याचा तांब्या. "हेच का ते? तुमचं नाव रोज निघतं हो इथं." तिनं साहेबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "बसा म्हटलं असतं, पण बसवणार नाही तुमच्यानं. पाणी?"

"नको!" साहेब किंचाळले.

रांग सरकत होती. एक बाई आत गेली. साहेबांनी घड्याळ बघितलं. अडीच मिनिटं. दुसरी गेली. तीन मिनिटं. रांगेतल्या बाया आपसात बोलत होत्या. एक म्हणाली, मी निघताना फक्त ओठ ओले करते. दुसरी म्हणाली, माझ्या मार्गाला असं घरच नाही, म्हणून मी ड्युटीच बदलून मागितली. कोणी साहेबांना ऐकवायला बोलत नव्हतं. ते आपलं रोजचं बोलणं होतं. साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर होत ऐकत होते. कानांना तरी काम होतं.

तिसरी बाई बाहेर आली. आता सात नंबरच्या बाईची पाळी. तिनं मागं बघितलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. (अडीच लिटर कुठून तरी येणारच.)

"जा साहेब," ती म्हणाली. "माझ्या आधी जा."

साहेब दाराकडे धावले आणि उंबऱ्यावरच थबकले. मागं वळले. "अर्ज कुठाय?"

"आधी जाऊन या की!"

"अर्ज कुठाय बाई, लवकर!"

अर्ज तिच्या पिशवीतच होता. महिनाभर तिथंच होता. साहेबांनी छातीवरचं पेन काढलं, अर्ज दाराच्या चौकटीवर धरला आणि पाय एकमेकांत गुंतवून सही ठोकली. डेपोतला कुठलाही कागद इतक्या लवकर मंजूर झालेला नाही.

मग आतून दार लागलं. भोंग्यानं गाडीत जाऊन एकदाच, लांबलचक हॉर्न वाजवला.

साहेब गेटपाशी पोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. गेट बंद. आयोजक खांब काढत होते. बायको फूटपाथवर पाय पसरून बसली होती. अकरा त्रेचाळीसला पोचली होती ती. मेडल काळ्या सायकलच्या कॅरिअरला लटकत होतं, एरवी गाठोडं असतं तिथं.

"किती झाला उशीर?" तिनं विचारलं.

"दहा मिनिटं."

"बरोबर दहा?"

"बरोबर दहा."

तिनं हँडलवरचा तक्ता सोडला, साहेबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि शेऱ्याच्या कोऱ्या रकान्यात चौथीच्या अक्षरांत लिहिलं: पंपघरापाशी टायर तपासला.

पुढच्या महिन्यापासून सात नंबरच्या वेळापत्रकात पंपघरापाशी दहा मिनिटांचा थांबा आला. कंडक्टरबाई पाण्याची बाटली घेऊन ड्युटीवर यायला लागली. मोठी, लिटरची. साहेबांच्या खिडकीसमोरून जाताना ती मुद्दाम एक घोट घ्यायची.

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तीन महिन्यांनी वर्कशॉपच्या फोरमननं पत्र पाठवलं. चौदा पत्रांवर पहिल्यांदाच आलेलं उत्तर. 'आपण कळवल्याप्रमाणे सात नंबर मार्गावर टायरची हवा कमी होत असे. ती तक्रार गेले तीन महिने पूर्ण बंद आहे. आपण नेमका काय उपाय केला ते लेखी कळवावे, म्हणजे इतर मार्गांवरही करता येईल.'

साहेब ते पत्र घरी घेऊन आले आणि कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. तासभर त्यांनी 'तांत्रिक' हा शब्द सात वेळा लिहिला आणि सात वेळा खोडला.

"काय लिहू गं?"

बायकोनं शर्ट उलटा केला. "खरं ते लिहा. साहेबांना एकदा लाईनीत उभं केलं."

दुसरं काही सुचेना, तेव्हा साहेबांनी तेच लिहून पाठवलं. चौथ्या दिवशी फोरमनचं उत्तर आलं. सरकारी कागदावर, शिक्क्यासकट.

'उपाय पसंत आहे. अजून नऊ मार्ग बाकी आहेत. साहेबांना केव्हा पाठवता?'